'शर्क' म्हणजे नुसतं टाळणं नाही! कामचुकारपणाच्या या इंग्रजी शब्दाचा अर्थ धुळे जेलमधल्या एका प्रवचनातून नीट कळतो

'टाळणे' या एका मराठी क्रियापदात आपण किती गोष्टी कोंबतो बघा. डॉक्टरांनी तेलकट टाळायला सांगितलं. गाडी चालवताना खड्डा टाळला. दूरच्या नात्यातल्या लग्नाला जाणं टाळलं. आणि ऑफिसात साहेबांनी दिलेलं काम, तेही टाळलं.

चारही ठिकाणी क्रियापद एकच. इंग्रजीत मात्र पहिल्या तीन ठिकाणी 'अव्हॉइड' म्हटलं की भागतं, आणि चौथ्या ठिकाणी एक वेगळाच शब्द पुढे येतो. तो शब्द म्हणजे 'शर्क'. स्पेलिंग एस, एच, आय, आर, के.

जळगाव असो की धुळे, अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना हा शब्द शब्दसंग्रहाच्या यादीत भेटतो. वहीत लिहिलं जातं, 'शर्क म्हणजे टाळणे', आणि पान उलटतं. चार पर्यायांतून एक निवडायचा असेल तर एवढ्यावर मार्क मिळतो. पण हाच शब्द उद्या नोकरीत मेमोत वाचावा लागला, ईमेलमध्ये लिहावा लागला किंवा मुलाखतीत तोंडातून निघाला, तर वहीतला अर्थ कमी पडतो.

कारण 'शर्क' हा आरोप आहे. एखाद्याने काम केलं नाही एवढंच तो सांगत नाही. ते काम त्याचंच होतं, त्याला ते जमण्यासारखं होतं आणि तरीही त्याने अंग चोरलं, असं तो सांगतो. म्हणूनच हा शब्द कधी वापरायचा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कधी वापरायचा नाही, हे समजून घ्यायला हवं.

सगळ्यात आधी उच्चार

स्पेलिंगमध्ये आय दिसतो म्हणून बरेच जण 'शिर्क' वाचतात. ते चूक. सोपी युक्ती अशी, की आपण अंगात घालतो तो 'शर्ट' आठवा. त्याच्याही स्पेलिंगमध्ये आय आहे, पण आपण कुणीच 'शिर्ट' म्हणत नाही. शर्टमधला ट काढा, तिथे क लावा, झाला 'शर्क'. भूतकाळ 'शर्क्ट' आणि अंगचोरपणा करणारा माणूस 'शर्कर'.

'शार्क' म्हणजे समुद्रातला मोठा मासा. काना लागला की काम चुकवणाऱ्याचा मासा होतो, तेवढं सांभाळा.

इंटरनेटवर हा शब्द शोधताना आणखी एक घोळ होतो. रोमन लिपीत हेच स्पेलिंग अरबी भाषेतल्या 'शिर्क' या शब्दाचंही होतं. अल्लाहसोबत दुसऱ्या कुणाला भागीदार मानणं, असा त्याचा इस्लामी धर्मशास्त्रातला अर्थ. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. त्यामुळे सर्चमध्ये धार्मिक व्याख्यानं दिसायला लागली, तर आपण चुकीच्या शब्दावर पोहोचलोय हे ओळखायचं. आणि हो, आपल्या शिर्के आडनावाशीही याचं नातं नाही.

शब्द आला कुठून?

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात दिसायला लागतो. तेव्हा त्याचा अर्थ आजच्यापेक्षा बराच वाईट होता. लबाडी करणारा, दुसऱ्याच्या जिवावर जगणारा माणूस, असा काहीसा. तो नेमका कोणत्या शब्दापासून आला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. जर्मन भाषेत बदमाश माणसाला 'शुर्के' म्हणतात, तिथून तो आला असावा असा एक अंदाज आहे. काम किंवा कर्तव्य चुकवणे हा आजचा अर्थ रुळला तो अठराव्या शतकाच्या शेवटी.

म्हणजे शब्दाच्या रक्तातच लबाडी आहे. 'अव्हॉइड' ऐकताना कान टवकारत नाहीत आणि 'शर्क' ऐकताना टवकारतात, त्याचं कारण हेच.

शर्क म्हणायला काय काय लागतं?

एखाद्या प्रसंगाला हा शब्द लागू होतो का हे तपासायला तीन प्रश्न पुरतात.

पहिला, काम कुणाचं होतं? जे काम तुमचं नव्हतंच, ते न केल्याबद्दल तुम्ही शर्कर ठरत नाही. शेजारच्या टेबलावरची फाईल पडून राहिली तर तो तुमचा दोष नाही.

दुसरा, काम करणं शक्य होतं का? भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेलेला असताना भर दुपारी शेतातलं काम थांबवून झाडाखाली बसलेला मजूर शर्क करत नाही. तो जीव सांभाळतोय.

तिसरा, न करणं मुद्दाम होतं का? विसरलं, कळलं नाही, निरोपच पोहोचला नाही, तर ती चूक असेल, निष्काळजीपणा असेल. शर्क नव्हे.

काम आपलंच होतं, जमण्यासारखं होतं आणि मुद्दाम केलं नाही, अशी तिन्ही उत्तरं आली तरच हा शब्द लावायचा. एक जरी ढिलं पडलं, तरी दुसरा शब्द शोधायचा.

भावकीतले शब्द

दुसरे शब्द आहेत तरी कोणते? इंग्रजीत काम न करण्याची भावकी बरीच मोठी आहे, आणि गंमत म्हणजे त्यातल्या जवळपास प्रत्येकाला मराठीत तोडीस तोड शब्द आहे.

'अव्हॉइड' म्हणजे साधं टाळणे. यात दोष असेलच असं नाही. गर्दी टाळली, ऊन टाळलं, वाद टाळला, सगळं अव्हॉइड.

'इव्हेड' म्हणजे हुलकावणी देणे, चुकवणे. यात चलाखी आहे. प्रश्न इव्हेड करतात, पोलिसांना इव्हेड करतात. करांच्या बाबतीत तर अव्हॉइड आणि इव्हेड यांत कायद्याची रेघ आहे. कायद्याच्या चौकटीत राहून कर कमी भरला तर टॅक्स अव्हॉइडन्स, उत्पन्न लपवून भरलाच नाही तर टॅक्स इव्हेजन. दुसरा प्रकार गुन्हा आहे.

'निग्लेक्ट' म्हणजे हयगय, दुर्लक्ष. इथे हेतू वाईट असेलच असं नाही. केळीच्या बागेला पाणी द्यायचं राहून गेलं, झाड सुकलं, ते निग्लेक्ट.

'प्रोक्रॅस्टिनेट' म्हणजे चालढकल. आजचं उद्यावर, उद्याचं परवावर. काम करायचं असतं, फक्त आत्ता नको असतं.

'मॅलिंगर' म्हणजे आजारपणाचं सोंग. परीक्षेच्या दिवशी पोटात दुखायला लागतं, ते हे.

'पास द बक' म्हणजे टोलवाटोलवी. या खिडकीवरून त्या खिडकीवर, त्या खिडकीवरून परत या खिडकीवर. सरकारी कार्यालयात एकदा जरी हेलपाटा मारला असेल, तर याचं उदाहरण द्यायची गरज नाही.

'स्काइव्ह' हा ब्रिटिश बोलीतला शब्द. आपण लेक्चरला दांडी मारणे म्हणतो, तोच भाव. भारतात मात्र स्काइव्हऐवजी 'बंक' जास्त चालतं.

आणि 'डेरिलिक्शन ऑफ ड्यूटी' हा खास कागदोपत्री शब्दप्रयोग. आपल्याकडच्या नोटिशीत 'कर्तव्यात कसूर' असं येतं, ते हेच.

यात 'शर्क' कुठे बसतो? मराठीत त्याच्या सगळ्यात जवळचं आहे 'अंग चोरणे'. 'कामचुकारपणा करणे'ही चालतं. नुसतं 'टाळणे' लिहिलं, तर शब्दातला आरोप गळून पडतो.

'चुकवणे' हिंदीत एक, मराठीत दुसरंच

कामचुकार या शब्दातलं 'चुकवणे' हेही एक मजेशीर प्रकरण आहे. खान्देशाच्या एका अंगाला मध्य प्रदेश, दुसऱ्या अंगाला गुजरात. बाजारात हिंदी सर्रास कानावर पडते. हिंदीत 'कर चुकाना' म्हणजे कर भरणे. मराठीत 'कर चुकवणे' म्हणजे कर बुडवणे! मराठीतसुद्धा 'कर्ज चुकतं केलं' म्हटलं की ते फेडलं असा अर्थ होतो, आणि 'काम चुकवलं' म्हटलं की ते केलं नाही असा.

शब्द तोच, पण एका ठिकाणी प्रामाणिकपणा आणि दुसऱ्या ठिकाणी नेमकी उलटी गोष्ट. एका शब्दाला दुसऱ्या भाषेतला एकच शब्द चिकटवून पाठ करणं का धोक्याचं असतं, ते यावरून लक्षात यावं.

ही अडचण फक्त मराठी माणसाची नाही. के-ड्रामा बघून कोरियनची गोडी लागलेल्यांसाठी एक उदाहरण. कोरियन भाषेत 'ह्वेपी-हादा' असं क्रियापद आहे. आपल्या 'टाळणे'सारखंच ते बऱ्याच ठिकाणी चालतं. जबाबदारी टाळली तरी तेच, आणि कायद्याच्या चौकटीतल्या कर टाळण्यालाही तेच. त्यामुळे इंग्रजी शिकणारा कोरियन विद्यार्थी अव्हॉइड आणि शर्क यांच्यात आपल्यासारखाच अडखळू शकतो. कामचुकारपणासाठी त्यांच्याकडे 'नोंगत्तेंगी' असा वेगळा बोलीतला शब्दही आहे, पण तो मित्रांमध्ये बोलायचा. ऑफिसच्या पत्रात तो शोभणार नाही. आपण तरी साहेबांना लिहिलेल्या अर्जात 'दांडी मारली' असं कुठे लिहितो?

व्याकरण, अहिराणीच्या मदतीने

'शर्क' वापरायला सोपा आहे, कारण त्याला कर्म थेट जोडता येतं. 'ही शर्क्ट हिज ड्यूटी', म्हणजे त्याने कर्तव्यात अंग चोरलं. 'शी नेव्हर शर्क्स रिस्पॉन्सिबिलिटी', म्हणजे ती जबाबदारीला कधीच मागे सरत नाही.

मराठी माणसाची गाडी अडते ती 'पासून' या शब्दाशी. आपण 'कामापासून पळतो' असं म्हणतो, म्हणून इंग्रजीतही 'शर्क फ्रॉम वर्क' लिहावंसं वाटतं. काही शब्दकोश 'फ्रॉम' मान्य करतात, त्यामुळे ते सरसकट चूक म्हणता येत नाही. पण फ्रॉमशिवायची रचना जास्त रूढ आहे आणि परीक्षेत तीच सुरक्षित.

पुढे क्रियापद जोडायचं असेल तर त्याला 'आयएनजी' लावायचं. 'शर्क डुइंग द वर्क' बरोबर. 'शर्क टू डू द वर्क' चूक.

आता काळाचं बघू. 'ही शर्क्स' आणि 'ही इज शर्किंग' यांत फरक काय? अहिराणी बोलणाऱ्यांना हा फरक शिकवावा लागत नाही. 'तो काम टाळस' म्हणजे त्याची ती सवयच आहे. 'तो काम टाळी ऱ्हायना' म्हणजे आत्ता, या घडीला टाळतोय. पहिलं 'ही शर्क्स', दुसरं 'ही इज शर्किंग'. एक माणसाच्या स्वभावावर बोट ठेवतं, दुसरं फक्त आजच्या वागण्यावर. आरोप करणाऱ्या शब्दात हा फरक फार मोठा होतो.

आणखी एक निरीक्षण. हा शब्द नकारासोबत खूप वेळा येतो. 'नेव्हर शर्क्स', 'डिड नॉट शर्क'. तेव्हा ते कौतुक असतं. मुलाखतीत स्वतःबद्दल सांगताना हा शब्द वापरायचाच असेल, तर याच रूपात वापरावा.

मग अर्जुन शर्क करत होता का?

इथपर्यंतचं सगळं शब्दकोशात सापडेल. पण शर्कची खरी ओळख पटवणारा एक प्रसंग धुळ्यात घडलेला आहे.

१९०६ मध्ये जुन्या खान्देश जिल्ह्याचे दोन भाग झाले. पूर्व खान्देशचं मुख्य ठिकाण जळगाव, पश्चिम खान्देशचं धुळे. याच धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली सविनय कायदेभंगाच्या चळवळीतले कैदी होते. त्यांत विनोबा भावे होते आणि साने गुरुजीही होते. २१ फेब्रुवारी १९३२ च्या रविवारी विनोबांनी तिथे गीतेवर बोलायला सुरुवात केली. दर रविवारी एक अध्याय. १९ जून १९३२ ला अठरावं प्रवचन झालं. साने गुरुजींनी ती प्रवचनं लिहून घेतली आणि त्यांतूनच 'गीता प्रवचने' हे पुस्तक तयार झालं.

पहिल्याच प्रवचनात विनोबा एक प्रश्न हाताळतात. अर्जुन लढायला तयार का नव्हता? तो घाबरला होता का? नाही, त्याने आधी कितीतरी लढाया मारल्या होत्या. तो अहिंसावादी झाला होता का? विनोबांच्या मते तेही नाही. समोर आपलीच माणसं दिसली, मोह आडवा आला आणि मग अर्जुन युद्ध कसं वाईट यावर तत्त्वज्ञान सांगायला लागला.

हे समजावताना विनोबा एका न्यायाधीशाचं उदाहरण देतात. त्याने आयुष्यभर कितीतरी गुन्हेगारांना फाशीची शिक्षा दिली. एक दिवस त्याचा स्वतःचाच मुलगा खुनाचा आरोपी म्हणून समोर उभा राहिला. गुन्हा सिद्ध झाला. तेव्हा या न्यायाधीशाला अचानक फाशीची शिक्षा अमानुष वाटायला लागली. फाशीविरुद्धचे त्याचे मुद्दे खोटे होते का? तसं नाही. पण ते त्याला त्या दिवशीच का सुचले, हा खरा प्रश्न.

शर्क ओळखण्याची याहून चांगली कसोटी सापडणं अवघड आहे. काम चुकवणारा माणूस 'मी काम चुकवतोय' असं कधीच म्हणत नाही. त्याच्याकडे कारण असतं, आणि ते बहुतेक वेळा चांगलं, पटणारं कारण असतं. कारण खरं आहे की नाही एवढं बघून भागत नाही. नेमकं स्वतःवर आल्यावरच ते कारण सुचलं का, हेही बघावं लागतं.

मग तुरुंगातले कैदी?

आता याच प्रसंगाची दुसरी बाजू. विनोबा आणि त्यांच्यासोबतचे कैदी तुरुंगात का होते? त्यांनी सरकारचा कायदा मानायला नकार दिला होता. साने गुरुजी तर अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि १९३० मध्ये नोकरी सोडून चळवळीत उतरले होते. इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेने बघितलं तर प्रजेने कायदा पाळण्याचं कर्तव्य चुकवलं, शिक्षकाने वर्ग सोडला. मग हे शर्क झालं का?

नाही. इंग्रजीत यासाठी वेगळे शब्द आहेत. कायदा उघडपणे मानला नाही, ते 'रिफ्यूज' किंवा 'डिफाय'. नोकरी रीतसर सोडली, ते 'क्विट' किंवा 'रिझाइन'.

फरक कुठे आहे? शर्क लपूनछपून होतं. शर्क करणाऱ्याला काम नको असतं, पण खुर्ची, पगार आणि चांगलं नाव हवं असतं. उघड नकार देणारा माणूस 'मी हे करणार नाही' असं तोंडावर सांगतो आणि त्याची किंमतही मोजतो. इथे ती किंमत तुरुंगवासाची होती.

म्हणून तीन प्रश्नांत चौथा जोडायचा. नकार उघड होता की गुपचूप?

हा फरक आजही रोज कामाला येतो. 'एवढं काम एका माणसाला होणार नाही' असं लेखी कळवणारा कर्मचारी आणि 'हो सर, करतो' म्हणून महिनाभर फाईलवर बसून राहणारा कर्मचारी, दोघांचंही काम झालेलं नसतं. पण शर्क हा शब्द फक्त दुसऱ्यालाच लागू होतो.

कायदा काय म्हणतो?

फाईलवर बसून राहण्यासाठी महाराष्ट्रात कायदाही आहे. लोक त्याला 'दप्तर दिरंगाई कायदा' म्हणतात. त्याचं अधिकृत नाव बरंच लांबलचक आहे: महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५. कोणतीही फाईल साधारणपणे एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, अशी त्यात तरतूद आहे. आणि शिस्तभंगाची कारवाई कधी? विलंब किंवा हयगय जाणूनबुजून केलेली असेल तेव्हा. म्हणजे आपला तिसरा प्रश्न.

निवडणुकीच्या कामाचंही तसंच. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १३४ नुसार निवडणुकीशी संबंधित अधिकृत कर्तव्यात कसूर केली तर पाचशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण 'वाजवी कारणाशिवाय' कसूर केली असेल तरच. हा झाला दुसरा प्रश्न.

सगळ्यात बोलका नियम केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ च्या नियम ३ मध्ये एक स्पष्टीकरण आहे. त्याचा आशय असा, की जिथे वरिष्ठांना विचारायची गरज नाही तिथे उगाच त्यांच्या सूचना किंवा मंजुरी मागून स्वतःची जबाबदारी चुकवता येणार नाही. 'वरून आदेश आल्याशिवाय काही करता येत नाही' हे वाक्य ज्यांनी ज्यांनी ऐकलंय, त्यांना हा नियम वेगळा समजावून सांगायला नको. इंग्रजी मजकुरात इथे 'इव्हेड' हे क्रियापद वापरलंय. कायदा सहसा शर्क म्हणत नाही, कारण शर्कमध्ये राग आणि तुच्छता येते, आणि कायद्याला थंड डोक्याचे शब्द लागतात. सरकारी पत्र लिहिताना आपणही हेच करावं.

कोण कुणाला शर्कर म्हणतं?

अर्थशास्त्रात मात्र 'शर्किंग' हा चक्क अभ्यासाचा शब्द आहे. १९७२ मध्ये आर्मेन अल्चियन आणि हॅरॉल्ड डेमसेट्झ यांनी एक प्रश्न मांडला. दोन जण मिळून एखादं जड ओझं ट्रकमध्ये चढवत असतील, तर कुणी किती जोर लावला हे कसं कळणार? कळत नसेल तर एखादा जण हात नुसता लावल्यासारखा करेल. मराठीत याला आपण 'पाट्या टाकणे' म्हणतो.

१९८४ मध्ये कार्ल शापिरो आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी पुढचा मुद्दा मांडला. मालक प्रत्येक कामगारावर सतत नजर ठेवू शकत नाही. म्हणून तो बाजारभावापेक्षा थोडा जास्त पगार देतो, म्हणजे नोकरी जाण्याची भीती राहते आणि कामगार अंग चोरत नाही.

सिद्धांत मोठे आहेत, पण त्यांत नजर कुठून कुठे जाते हे बघण्यासारखं आहे. वरून खाली. शर्कर ठरतो तो कामगार.

खान्देशातल्या शेतीत सालदाराची जुनी पद्धत आहे. वर्षभरासाठी माणूस कामावर ठरवायचा आणि त्याचं साल आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून मोजायचं. अशा व्यवहारात कामाची यादी कुठेच लिहिलेली नसते. बैलांची वैरण, रात्रीचं पाणी, घरची किरकोळ कामं, सगळंच त्यात येऊ शकतं. मग एखाद्या रात्री सालदाराने 'आज होणार नाही' म्हटलं, तर तो कामचुकार ठरतो. इथे पहिला प्रश्न पुन्हा विचारायला हवा. ते काम त्याचं होतं, असं ठरवलं कुणी?

आणि हा शब्द फक्त खालच्यांसाठी नाही. इंग्रजी वर्तमानपत्रांत सरकारं शर्क करतात, कंपन्या शर्क करतात. ठरलेली मजुरी वेळेवर न देणारा मालकसुद्धा स्वतःची जबाबदारी शर्क करतोय, आणि त्याच्या बाबतीत तर तिन्ही प्रश्नांची उत्तरं 'हो' अशीच येतात.

आता तुम्हीच ठरवा

खालच्या पाच प्रसंगांत कोणता शब्द बसेल?

एक. ग्रुप प्रोजेक्टमध्ये चौघांची नावं आहेत. एकाने व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त अंगठा दाखवला आणि शेवटी मार्क घेतले. हे शर्क.

दोन. बायकोला बाळंतपणासाठी दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून एकाने निवडणुकीची ड्यूटी रद्द करून मागितली, आणि तसा अर्ज दिला. हे शर्क नाही. कारण वाजवी आहे आणि अर्ज उघड आहे. इंग्रजीत 'सीक एक्झेम्पशन' म्हणायचं.

तीन. अभ्यासाचं पुस्तक उघडलं आणि 'आधी पाच मिनिटं रील्स' म्हणत संध्याकाळ झाली. हे प्रोक्रॅस्टिनेट. दुसऱ्या कुणाचं काम त्यावर अडलेलं नसेल, तर शर्क म्हणणं जरा जास्तच होईल.

चार. नळाला पाणी का नाही, असं विचारल्यावर एक विभाग दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि दुसरा पहिल्याकडे. हे पास द बक. पण ते काम स्वतःचंच आहे हे माहीत असूनही बोट दाखवलं असेल, तर शर्कही.

पाच. आई-वडिलांना सांभाळायचं म्हटलं की एका भावाला नेमकी बदलीची, घराच्या हप्त्याची, मुलांच्या शाळेची अडचण आठवते. एरवी कधी आठवत नाही. इथे विनोबांचा न्यायाधीश आठवा आणि उत्तर ज्याचं त्याने द्यावं.

परीक्षेसाठी शर्कचा अर्थ पाठ करायला एक मिनिट लागतं. पण मेमोवर सही करताना, सहकाऱ्याबद्दल साहेबांना ईमेल लिहिताना किंवा सोशल मीडियावर कुणाला कामचुकार म्हणून मोकळं होताना ते चार प्रश्न एकदा विचारून बघा. काम त्याचंच होतं का? त्याला शक्य होतं का? मुद्दाम केलं का? आणि गुपचूप केलं का? चारही उत्तरं 'हो' असतील तर बिनधास्त 'शर्क' लिहा. नसतील तर 'टाळलं' एवढंच पुरे.